साडूंची वीस पाकिटं

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांच्या वाट्याला जेवढी म्हणून काळजी आली होती, तेवढी सगळी माझे साडू एकटे करत असत. बाकीची माणसं निवांत जेवायची-झोपायची ती त्यांच्या जिवावर, असं माझं अजूनही प्रामाणिक मत आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणायला लागलो, आणि उल्हासनगरातल्या ज्या कॉलेजात ते शिकवत होते तिथेच मला नोकरी लागल्यावर त्यांना सर म्हणायची वेळ आली. घाईत स्टाफरूममध्ये तोंडून ‘भाऊजी’ निघून जायचं आणि रविवारी त्यांच्याकडे पोहे खाताना ‘सर’. दोन्ही वेळा ते दचकायचे. अर्थात नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी ते दचकायचे.

त्यांचं घर अंबरनाथ पूर्वेला. घराला कुलूप लावल्यावर ते स्वतः सात वेळा ओढून बघत आणि मग शेजारच्या काकूंना एकदा ओढायला लावत, कारण आपण ओढताना आपला हात आपल्याच बाजूचा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळी दार उघडलं की आधी हवा हुंगायची. एमआयडीसीकडून वारा असेल तर ते डोळे मिटून उभे राहत आणि ‘आज रंगाचा कारखाना आहे, घाबरण्यासारखं नाही’ असं घरात सांगत. ज्या दिवशी वास ओळखू येत नसे त्या दिवशी आमच्या मेहुणीबाईंना खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक करावा लागे. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. आमच्याकडे यायचं म्हणजे आधी पोस्टकार्ड: ‘रविवारी येत आहोत, पण गैरसोय असल्यास नाही.’ मागोमाग दुसरं कार्ड: ‘मागच्या पत्रातील “पण” तुटक वाटला असल्यास क्षमा असावी.’ दोन्ही कार्डं सोमवारी मिळायची, म्हणजे ते येऊन, जेवून, पावसाची चिन्हं नसताना छत्री उघडून परत गेल्यावर.

असा माणूस कॉलेजात कोणता विषय शिकवत असेल, तर संभाषण. म्हणजे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला तेव्हा एक सक्तीचा पेपर असायचा, इंग्रजीत पत्रं कशी लिहावीत, मुलाखतीला कसं बोलावं, सभेत आपलं म्हणणं कसं मांडावं, असा. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती. आमचं कॉलेज सकाळचं, आणि समोर बसणारी मुलं एकापरीस एक वेगळी. उल्हासनगरच्या कॅम्प एक या वस्तीतल्या सिंधी दुकानदारांची मुलं-मुली, ज्यांना अकराच्या आत गल्ल्यावर हजर व्हायचं असे. रात्रपाळी करून थेट वर्गात येणारे एमआयडीसीतले ऑपरेटर. बदलापूरच्या आसपासच्या गावांतली, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलं. यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजीत ‘मे आय कम इन’ म्हणायची इतकी धास्ती की उशीर झाला तर ती सरळ घरी परत जात. म्हणजे वर्गात घाबरलेली दीडशे माणसं खाली आणि एक वर.

वर चढण्याआधी भाऊजी तीन पेले पाणी पीत. मग तीन पेल्यांचे परिणाम तासात जाणवतील की काय या काळजीने परत मागे जात. सगळं व्याख्यान त्यांनी पोस्टकार्डांवर लिहिलेलं असे, शब्द न् शब्द, ‘इथे थांबून मुलांकडे पाहणे’ यासकट. एकदा पंख्याच्या वाऱ्याने ती कार्डं उडाली. मुलांनी गोळा करून दिली, पण मिळतील तशी. भाऊजींनी ती दिली त्याच क्रमाने वाचली, कारण मुलांच्या देखत पत्ते पिसल्यासारखी कार्डं लावत बसणं बरं दिसेना. त्या दिवशी तक्रारीचं पत्र ‘आपला विश्वासू’पासून सुरू झालं आणि ‘महोदय’पाशी संपलं. मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं आणि सहामाहीत दोघांनी तसंच लिहिलं. भाऊजींनी त्यांना पूर्ण गुण दिले आणि उत्तरपत्रिकेवर ‘चूक माझी’ असं लिहिलं.

माझं याच्या उलट. मला बोलायला आवडायचं. माझ्या तासाला शेजारच्या वर्गातली मुलं येऊन बसायची, मी विनोद सांगायचो, नक्कल करायचो, आणि तास संपल्यावर माझा मलाच अभिमान वाटायचा. नोकरी मात्र हंगामी होती, दर वर्षी जूनमध्ये पुन्हा पत्र मिळेल की नाही ही टांगती तलवार. पण तरुणपणी काळजीसुद्धा आपण छाती काढून करतो. तर एकदा मी भाऊजींना म्हणालो की कार्डं घरी ठेवा, एवढी वर्षं शिकवताय, नुसतं उभं राहा आणि बोला. माझ्या सांगण्यात कळकळ होती आणि थोडी ऐटही होती. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी खरंच कार्डं न घेता वर्गात गेले.

पुढचं मला शिपायाने सांगितलं. पाच-सहा वाक्यं ठीक झाली. मग एका वाक्याच्या मध्यावर भाऊजी थांबले आणि पुढचा शब्द येईचना. ते खडू हातात धरून उभे. मुलांना आधी वाटलं सर विचार करताहेत. मग कुणीतरी हसलं, मग कुणी हसेना, आणि घंटा होईपर्यंत तो भरलेला वर्ग आणि तो माणूस एकमेकांकडे बघत राहिले. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी मला विचारलं, मी पांढरा पडलोय का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग बहुतेक आतून पडलो असेन. आणि तीन दिवसांची रजा टाकून घरी गेले. त्या तीन दिवसांत माझी बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली.

चौथ्या दिवशी ते आले ते एक खाकी पाकीट घेऊन. आत सायक्लोस्टाइल केलेली सहा पानं होती. साधी चौकशीची चिठ्ठी कशी लिहावी, एवढाच धडा. पण मी पहिलं पान वाचलं आणि दुसऱ्याकडे वळताना माझ्या लक्षात आलं की हे मला जमलं नसतं. मधेच लिहिलं होतं, ‘इथे तुम्हाला वाटेल की आपल्याला समजलं नाही. तसं वाटणं बरोबर आहे, कारण वरचं वाक्य मी नीट लिहिलेलं नाही. ते असं वाचा.’ आणखी पुढे, ‘आता उत्तर न बघता लिहा. उत्तर मागच्या पानावर आहे हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. बघितलंत तर रागावणार नाही, पण मग हेच पुन्हा करायला लागेल, त्यात तुमचाच वेळ जाईल, म्हणून सांगतो.’ मूल कुठे अडेल, कुठे लाजेल, कुठे खोटं बोलेल, याची सगळी काळजी त्यांनी आधीच करून ठेवली होती. जन्मभर नुसतीच वाहिलेली ती काळजी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होती.

योजना अशी होती की वर्षाच्या अभ्यासाची वीस पाकिटं करायची. व्याख्यान नाही. मुलाने पाकीट न्यायचं, आपल्या चालीने वाचायचं, स्वाध्याय करायचा आणि झाल्यावर भाऊजींच्या टेबलापाशी येऊन छोटी चाचणी द्यायची. त्यातला काही भाग लेखी, काही समोर बसून बोलून. जमलं तर पुढचं पाकीट, नाही जमलं तर तेच पुन्हा, न रागावता, कितीही वेळा. दुकानातला मुलगा दुपारी गिऱ्हाईक नसताना करेल, पाळीवाला सुट्टीच्या दिवशी करेल. प्राचार्यांनी ऐकून घेतलं. ते करडे पण न्यायी गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या आहेत, ‘अ’ला तुमच्या साडूंनी नेहमीसारखी व्याख्यानं द्यावीत, ‘ब’ला तुम्ही पाकिटं द्या. दोघांना लेखी पेपर एकच, फेब्रुवारीतली तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकांसमोर. ‘ब’ मागे पडली तर पाकिटं बंद आणि तुम्ही व्यासपीठावर. भाऊजी हो म्हणाले, आणि बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

मला कोणी विचारलं नव्हतं, पण मीही घाबरलो होतो. ‘अ’ मागे पडली तर पाकिटांना व्याख्याता कशाला लागतो, हा प्रश्न प्राचार्यांच्या मनात येणारच. म्हणजे एकाच घरच्या दोन बहिणींच्या नवऱ्यांपैकी एकाचं व्यासपीठ जाणार, नाहीतर दुसऱ्यावर येणार. बहिणी आपसात याबद्दल अवाक्षर बोलत नसत. यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं.

जूनपासून भाऊजींचं घर म्हणजे पाकिटांचा कारखाना झाला. मेहुणीबाई स्टेन्सिल कापायच्या, भाऊजी पानं लावायचे आणि एखादं पान उलटं गेलं असेल या शंकेने चिकटवलेली पाकिटं पुन्हा फोडायचे. कॉलेजात जिन्याखालची एक खोली त्यांना मिळाली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोर बसलेलं एक मूल, एवढंच. आणि गंमत म्हणजे तिथे भाऊजी दचकत नसत. दीडशेजणांसमोर ज्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटायची तो माणूस एकासमोर बसून अर्धा-अर्धा तास बोलायचा, त्याहून जास्त वेळ ऐकायचा. मूल घाबरलं की ते सांगायचे, मीही घाबरलोय, आपण सावकाश करू. हे ते खरंच सांगत असायचे, त्यामुळे मुलांचा विश्वास बसायचा.

पण चाली सगळ्यांच्या सारख्या नसतात. कंचन नावाची एक मुलगी होती, कॅम्प एकमध्ये वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि दुपारभर ती तिथे बसायची. दिवाळीच्या आत ती टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, माझा सगळा झाला. आता काय करू?” भाऊजींनी सगळ्या संकटांचा विचार केला होता, हे संकट सोडून. त्यांनी आठवड्यात आणखी तीन पाकिटं लिहिली, ती तिने चार दिवसांत संपवली. शेवटी हताश होऊन त्यांनी तिच्यासाठी दुसरं टेबल मागितलं आणि मागे असलेल्या मुलांच्या चाचण्या घ्यायला तिला बसवलं. हा त्यांच्या योजनेतला सगळ्यात उत्तम भाग ठरला आणि तो निव्वळ घाबरून सुचलेला होता.

दुसऱ्या टोकाला पाटील. बदलापूरजवळच्या गावातला, घरची भातशेती, स्वतः एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर, वय तिशीच्या आसपास, दोन मुलींचा बाप. बढतीसाठी पदवी हवी म्हणून कॉलेजात आलेला. व्याख्यानाला तो मागच्या बाकावर बसून झोपला असता आणि कुणाला कळलं नसतं. इथे सहावं पाकीट नेल्यावर तो दीड महिना दिसला नाही आणि भाऊजींना ते लगेच कळलं. पाटील आजारी असेल, पाटलाला भाजलं असेल, पाटील सहाव्या पाकिटातल्या चौथ्या प्रश्नावर चिडला असेल. शेवटी एका दुपारी पाळी सुटायच्या वेळी भाऊजी खाकी पाकीट छातीशी धरून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. रखवालदाराला वाटलं सरकारी तपासनीस आला. त्याने आत कळवलं, आतून एक साहेब धावत आले, त्यांनी भाऊजींना खुर्ची दिली. भाऊजींनी साहेबांना सांगितलं, मला काही तपासायचं नाही, पाटील सहाव्यात अडलाय का एवढंच विचारायचंय. साहेबांना सहावा विभाग वाटला. त्यांनी तो विभाग ताबडतोब बंद करवला, अर्धा तास.

पाटील सहकाऱ्यांसमोर लाजून अर्धमेला झाला. पण त्याने सरांना चहाच्या टपरीवर नेलं आणि तिथल्या बाकावर बसून सहाव्याची चाचणी दिली. पास झाला. भाऊजींनी सातवं पाकीट पिशवीतून आणलेलंच होतं.

एवढं करूनही डिसेंबरात प्राचार्यांनी ‘ब’ तुकडीची नोंदवही मागवली तेव्हा चित्र चांगलं नव्हतं. कंचनसारखी दोन-चार संपवून बसलेली, बरीचशी बारा-तेराव्यावर, पण तिसरा हिस्सा मुलं सहाव्या-सातव्याच्या आसपास रेंगाळलेली आणि काहींनी तर पहिलं पाकीटही फोडलं नव्हतं. कुणी रागवत नाही म्हटल्यावर त्यांचा उद्या रोज पुढे सरकत होता. इकडे माझ्या ‘अ’ तुकडीचा अभ्यासक्रम वेळेवर संपत आला होता. मी संपवला होता. मुलांनी संपवला होता की नाही हा प्रश्न मला जानेवारीत पडला, जेव्हा मी तोंडी परीक्षेची तालीम घ्यायची म्हणून समोरच्या मुलाला उठवून म्हणालो, तुझ्याबद्दल चार वाक्यं बोल. तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग दुसरा. मग तिसरी. माझे विनोद त्यांना पाठ होते. पण त्या वर्गात वर्षभर संभाषणाचा सराव फक्त एका माणसाला झाला होता आणि तो मी होतो.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं की मागे राहिलेल्या सगळ्या मुलांना हॉलमध्ये एकत्र बसवा आणि उरलेला भाग व्याख्यानाने पूर्ण करा, मी स्वतः येऊन बसेन. मला वेगळं बोलावून सांगितलं की तुम्हीही थांबा, ते अडले तर पुढे तुम्ही घ्या. मी तयारी केली. चांगली तयारी केली, सुरुवातीचा विनोदसुद्धा ठरवून ठेवला. आता इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. भाऊजी अडू नयेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते अडले तर प्राचार्यांसमोर मला उभं राहता येईल, हेही त्याच मनात होतं.

त्या सकाळी भाऊजींनी पाणी प्यायलं नाही. मेहुणीबाईंनी सांगितलं की कुलूपसुद्धा एकदाच ओढलं. हॉल भरला होता. प्राचार्य पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. पाटील मधल्या बाकावर, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. कंचनला यायची गरज नव्हती, तरी ती भिंतीजवळ उभी होती. भाऊजींच्या हातात कार्डं होती. दोन कार्डं वाचून झाली. तिसऱ्यावर त्यांना ओळच सापडेना. त्यांनी ती सगळी टेबलावर ठेवली आणि बोलायचा प्रयत्न केला, आणि वाक्याच्या मध्यावर थांबले.

ती शांतता मी पहिल्यांदा शिपायाकडून ऐकली होती. आता मी तिच्यात बसलो होतो. पंखे फिरत होते, बाहेर रिक्षा जात होत्या. भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला. प्राचार्यांनी मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. माझं पाऊल बाकाच्या बाहेर पडलं, आणि भाऊजींनीही मला उठताना पाहिलं. मग ते बोलले, आवाज अगदी बारीक होता, पण हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

“मला पुढचं आठवत नाही,” ते म्हणाले. “हे असं होईल म्हणून मी किती वर्षं घाबरत होतो, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. तर ते आता झालंय.” मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आता मला सांगा, कोणाचं कुठलं पाकीट अडलंय?”

मग पाटील उभा राहिला. “सर, मना नववा काय जमत नाय,” तो म्हणाला. “मुलाखतीचा. त्यो इचारतो तुमच्यात कमी काय हाय, तर काय सांगायचा?”

भाऊजी व्यासपीठाच्या कडेला आले आणि चक्क पायरीवर बसले. म्हणाले, मला विचारलं तर मी सांगेन की मी चारचौघांसमोर बोलताना अडतो, पण अडल्यावर पळून जात नाही. तुम्ही काय सांगाल? पाटील म्हणाला, माझं इंग्लिश कच्चं आहे, पण सांगितलेलं काम विसरत नाही. भाऊजी म्हणाले, हेच इंग्रजीत म्हणा. पाटलाने म्हटलं. तीन ठिकाणी चुकलं. भिंतीजवळून कंचनने एक चूक दुरुस्त केली, समोरच्या एका मुलाने दुसरी केली, आणि तिसरी कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही, ती भाऊजींनी दुरुस्त केली. मग आठवं कुणाचं, अकरावं कुणाचं असं सुरू झालं. घंटा झाली तेव्हा मी अजून बाकाच्या कडेला अर्धवट उभाच होतो. माझी गरज लागली नव्हती. प्राचार्यांनी जाताना पुढचे दोन आठवडे हॉल त्याच वेळेला ‘ब’ तुकडीसाठी मोकळा ठेवायला शिपायाला सांगितलं.

निकाल काही कथेत शोभावा असा लागला नाही. लेखी पेपरात माझी ‘अ’ थोडी पुढे होती, नेमानं तासाला बसण्याचा एवढा उपयोग होतोच. तोंडी परीक्षेला मात्र बाहेरून आलेल्या बाईंनी प्राचार्यांना विचारलं की ‘ब’मधल्या काही मुलांना कुणी शिकवलं, ती प्रश्न न समजल्यास सरळ ‘समजला नाही, पुन्हा सांगता का’ म्हणतात. ज्यांनी पाकिटं पुरी केली होती ती दोन्हीकडे चांगली निघाली. ज्यांनी केली नव्हती ती दोन्हीकडे पडली, आणि त्यांचे हाल माझ्या वर्गातल्या झोपाळूंपेक्षाही वाईट झाले. पाटील पास झाला, जेमतेम. भाऊजींनी हे सगळं जसंच्या तसं लिहून प्राचार्यांना दिलं. पडलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला आपण केव्हा गाठायला हवं होतं ते लिहिलं. तो कागद वाचून प्राचार्यांनी ठरवलं की दोन्ही तुकड्यांना आठवड्यातून एक व्याख्यान माझं, बाकी पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटाला शेवटची तारीख. ‘शेवटची’ हा शब्द भाऊजींना सोसवेना, तेव्हा त्याऐवजी ‘या दिवशी मी वाट बघेन’ असं छापायचं ठरलं. मुलं त्या तारखा पाळायची. माझी नोकरी पुढच्या वर्षी कायम झाली.

ती पद्धत नव्वदच्या दशकात अभ्यासक्रम बदलेपर्यंत चालली. मग पाकिटांच्या जागी बाजारात मिळणारी गाईडं आली, जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं, आणि थोड्या दिवसांनी भाऊजी निवृत्त झाले. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या निकालाच्या दिवशी आम्ही दोघे कॉलेजातून निघालो होतो. रिक्षा मिळत होती, पण भाऊजी म्हणाले, चालू या थोडं. अंबरनाथच्या रस्त्याने आम्ही बराच वेळ चाललो. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी हॉलमध्ये मी थांबलो तेव्हा तुम्ही उठलात ना? मी हो म्हणालो. कशासाठी उठलात, त्यांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता, चौकशी होती, जशी ते मुलांची करायचे. समोरच्याला उत्तर सुचायला पुरेसा वेळ देऊन.

मी म्हणालो, “तुमच्या मदतीला.”

त्यांनी मान हलवली. पुढे कधीतरी त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं की त्या क्षणी आपलं सगळं संपलं असं वाटत होतं, पण शेवटच्या रांगेकडे बघितलं तर आपलं माणूस आपल्यासाठी उठून उभं राहिलेलं दिसलं, म्हणून तोंड उघडता आलं. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर भाऊजी कितीतरी रविवारी आमच्याकडे आले, जेवले, गच्चीवर माझ्याशेजारी तासन्‌तास बसले. त्यांना खरं सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पण ते इतके निर्धास्त बसलेले असायचे, की मी गप्पच राहिलो.